‘दूरगामी’चा सातवा अंक

ग्रंथालयातून फोन आला, तेव्हा थोरल्या बाई गॅलरीतल्या खुर्चीत बसून दुसऱ्याच्या पुस्तकातल्या चुका काढीत होत्या.

“बाई, तुम्ही एकेचाळीस वर्षांपूर्वी मागितलेली पुस्तिका सापडली,” ग्रंथपाल म्हणाले.

थोरल्या बाईंनी लाल पेनाला टोपण लावले. मग विचारले, “कुठे?”

“ते मोठे टीकाकार गेल्या वर्षी वारले ना, त्यांच्या मुलांनी सगळा संग्रह आम्हाला दिला. चौदाव्या खोक्यात निघाली. तुम्ही दरवर्षी चिठ्ठी भरून जाता, म्हणून म्हटलं आधी तुम्हाला कळवावं.”

“तिथेच ठेवा. कोणाच्या हाती देऊ नका. मी निघाले.”

“अहो, उद्या आलात तरी...”

फोन ठेवला गेला होता.

मांडीवर जे पुस्तक होते, त्याचे नाव ‘दूरगामी : एका विज्ञानकथा मासिकाचा इतिहास’. लिहिणारी प्राध्यापिका एके काळची त्यांची विद्यार्थिनी. शनिवारी पुस्तक छापायला जायचे होते आणि आज मंगळवार होता. पान बासष्टवर एक वाक्य होते : ‘सातव्या अंकातील कथा चोरीची असल्याचे सिद्ध झाले आणि मासिक बंद पडले.’ त्या वाक्याभोवती थोरल्या बाईंनी लाल वर्तुळ काढले होते, पण समासात काही लिहिले नव्हते. पुराव्यावाचून ओळ खोडायची नाही, हा त्यांचा जन्माचा नियम.

चोरीचा आळ आला होता तो त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीवर.

‘दूरगामी’ सात महिने जगले. थोरल्या बाईंचे यजमान त्याचे संपादक, त्यांच्या घराची पुढची खोली हे कार्यालय, आणि मनुष्यबळ म्हणाल तर एक उपसंपादक व एक चित्रकार. थोरल्या बाई शाळेत गणित शिकवीत आणि उरलेल्या वेळात मासिकाची प्रुफे तपाशीत. केवळ शुद्धलेखनापुरती नव्हेत. कोणता ग्रह किती लांब, कोणते यान किती वेगाने जाते, यातले काही लेखकाच्या भरवशावर सोडायचे नाही, असा तिथला शिरस्ता होता. हिशेब जमला नाही की कथा परत.

सातव्या अंकात धाकटीची पहिलीवहिली कथा आली. सूर्यमालेच्या कडेला एका ठाण्यावर एकटी राहणारी बाई. तिथपर्यंत पोचायला प्रकाशाला चार तास दहा मिनिटे लागतात. ती घरी एकच प्रश्न पाठवते आणि उत्तराची वाट पाहत बसते, इतकीच गोष्ट. वाचकांच्या पत्रांनी टपालपेटी भरून वाहू लागली.

वीस दिवसांनी वर्तमानपत्रात त्या टीकाकारांचा लेख झळकला. सोबत एका पुस्तिकेच्या मुखपृष्ठाचे आणि पहिल्या पानाचे छायाचित्र. कुठल्याशा बंद पडलेल्या विज्ञान मंडळाची पुस्तिका, आठ वर्षांपूर्वीची, आणि तिच्यात हीच कथा, मंडळाच्या एका दिवंगत सभासदाच्या नावावर. संपादक टीकाकारांच्या घरी गेले, त्यांच्या नजरेसमोर ती घाईघाईने वाचली आणि परत येऊन एवढेच म्हणाले, “शब्दन् शब्द तोच आहे.”

आठवा अंक निघाला नाही. धाकटी तेव्हा चोवीस वर्षांची, इस्पितळाच्या औषधालयात कामाला. त्यानंतर निवृत्तीपर्यंत तिने बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांखेरीज काही लिहिले नाही. त्या आठवड्यात घरात काय बोलले गेले, तो विषय दोघी बहिणींनी पुन्हा काढला नाही. संपादक अकरा वर्षांनी गेले. जाताना त्यांच्या मनात काय होते, ते त्यांनी बरोबर नेले.

थोरल्या बाईंनी मात्र काहीही सोडले नव्हते. माझ्या घरात शिरून माझ्या बहिणीचा हात कोणी कलम केला, हे कळल्याखेरीज मी मरायची नाही, असे त्यांनी एकदा आरशासमोर उभे राहून स्वतःला बजावले होते. आरशातल्या बाईने मान डोलावली होती.

ग्रंथालयात पुस्तिका त्यांच्यापुढे आली. चोवीस पाने, पिवळा पडलेला कागद. आतल्या बाजूला टीकाकारांच्या हातची शिसपेन्सिलीची नोंद : ‘टपालाने आली. निनावी.’

त्या वाचू लागल्या. सोबत पिशवीतून आणलेला सातवा अंक उघडून ठेवला होता. एक ओळ इथली, एक ओळ तिथली. खरोखरच शब्दन् शब्द तोच. पान अकरावर त्या थांबल्या.

‘प्रश्न पाठवून ती बसून राहिली. चार तास दहा मिनिटांनी उत्तर आले.’

हे वाक्य त्यांनी तीनदा वाचले. पदराने कपाळ पुसले.

“पाणी आणू का?” ग्रंथपालांनी विचारले.

“आणा.”

“ओळखीचं काही दिसलं का, बाई?”

“फार ओळखीचं. या पानांच्या छायाप्रती काढून द्या. प्रत्येक पानावर तुमची सही आणि शिक्का हवा.”

“प्रत्येक पानावर?”

“तुम्ही माझ्या वर्गात नव्हतात, म्हणून पुन्हा विचारताय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उपसंपादकांकडे गेल्या. आता त्यांना उपसंपादक म्हणणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. ‘दूरगामी’ बंद पडल्यावर सहा महिन्यांच्या आत त्यांनी स्वतःचे मासिक काढले, ‘दूरगामी’चे वर्गणीदार आपल्याकडे ओढले आणि ते एकोणीस वर्षे चालवले. त्याचे बांधीव खंड दिवाणखान्यातल्या कपाटात ओळीने उभे होते. प्राध्यापिकेच्या पुस्तकाला प्रस्तावनाही त्यांचीच होती.

“वहिनी, तुम्ही स्वतः? मला बोलावलं असतंत तर मी आलो असतो. प्रस्तावना वाचलीत?”

“वाचली, भाऊजी. स्वल्पविराम फार पेरलेत.”

ते मनापासून हसले. “तुमचं लाल पेन अजून तसंच आहे. बसा.”

“इतिहासाचे काही तपशील पक्के करायचे आहेत. प्रुफांचा क्रम कसा होता, आठवतं?”

“न आठवायला काय झालं? पहिलं प्रूफ एकच निघायचं, ते तुमच्याकडे. तुमच्या दुरुस्त्या झाल्या की दुसरं. त्याच्या दोन प्रती. एक तुम्हाला, एक चित्रकाराला, म्हणजे चित्र मजकुराशी जुळावं. शेवटचं संपादकांच्या टेबलावर, ते आम्ही सगळेच वाचायचो.”

“चित्रकाराकडे प्रूफ कोण पोचवायचं?”

“मीच की. छापखान्यातून तुमचं घर, तुमच्या घरावरून त्याचं घर. नावाला उपसंपादक, कामाला पोस्टमन. सायकलची दोन टायरं झिजवली मी ‘दूरगामी’पायी.”

“कधी राहिलं नाही?”

“एकदाही नाही. माझ्याकडे काम पडून राहत नसे.”

“मग सातव्या अंकात धाकटीच्या कथेला चित्र कसं नाही?”

उपसंपादकांनी हात उडवला. “आळस, दुसरं काय. मी स्वतः त्याच्या हातात प्रूफ दिलं. खिडकीत बसला होता चहा घेत. म्हणाला, ठेवून जा. बायको आतून चहाचं विचारत होती, मी थांबलो नाही.”

“ते कधी? माझ्या प्रतीवर छापखान्याचा पाच तारखेचा शिक्का आहे.”

“मग पाच तारखेलाच. त्याच संध्याकाळी.”

“की एक-दोन दिवसांनी?”

“वहिनी, सांगितलं ना. त्याच संध्याकाळी.”

थोरल्या बाईंनी छोट्या वहीत टिपण केले. मग चष्मा पुसत विचारले, “प्रस्तावनेत तुम्ही लिहिलंय, ‘कोवळ्या वयातील मोह’. हे माझ्या बहिणीबद्दल?”

“मी क्षमेच्या भाषेत लिहिलंय. धाकट्या ताईंना मी दोष देत नाही. झालं गेलं गंगेला मिळालं.”

“गंगेला मिळालं की नाही, ते शनिवारच्या आत पाहू,” असे म्हणून त्या उठल्या. चहा त्यांनी तसाच ठेवला होता.

चित्रकाराचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. आता ते तसबिरींना चौकटी बसवून देत. भिंगासारख्या जाड काचांआडून त्यांनी पाहुणीकडे बराच वेळ पाहिले.

“बेचाळीस वर्षांनी पायरी चढलात, वहिनी.”

“एकेचाळीस.”

“गणित पक्कं आहे. माणसं कच्ची राहिली.”

“टोमणा नंतर मारा. मी एक विचारायला आले आहे. सातव्या अंकात तुमचं चित्र का नाही?”

चौकटीला खिळा ठोकता ठोकता त्यांचा हात थांबला. “हे तुम्ही मला विचारता? मला प्रूफ धाडलंत का? पहिल्या सहा अंकांत रक्त आटवलं, आणि घरच्या मुलीची कथा आली तेव्हा मला परस्पर वगळलंत. मी समजलो काय समजायचं ते.”

“आणि मी एकेचाळीस वर्षं तुम्हाला आळशी समजले.”

थोरल्या बाई स्टुलावर बसल्या.

“प्रूफ आलं नाही, तर तेव्हाच का नाही विचारलंत?”

चित्रकारांनी पुन्हा खिळा उचलला. आतल्या दारातून त्यांच्या पत्नी पदराला हात पुशीत पुढे आल्या. “सांगून टाका आता. डोळा गेला तो गेला, त्याची लाज किती दिवस सांभाळायची?”

“तू गप्प बस.”

“नाही बसत. वहिनी, त्या महिन्यात यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. परगावी नेऊन ऑपरेशन केलं. दोन्ही डोळ्यांना पट्ट्या. तीन तारखेला गेलो, बारा तारखेला परत. कोणाला कळू दिलं नाही. चित्रकाराचा डोळा गेला म्हटलं असतं, तर साधी पाटी रंगवायला कोणी दिली नसती.”

“घरी कोण होतं?”

“कुलूप. आम्ही दोघंच तर होतो. यांना भरवायला मी तिथे.”

“किल्ली शेजारी ठेवली होती?”

“कोणाकडे ठेवणार? ठेवली असती तर सांगावं लागलं असतं ना.”

“दाराखालून कागद सरकवता आला असता?”

“उंबरा उंच होता. दाराला पत्रपेटी होती. आल्यावर मीच उघडली. विजेचं बिल आणि माझ्या बहिणीचं पत्र, बस. प्रूफ असतं तर मी वाचून दाखवलं असतं, पट्टी सुटायच्या आधी. मीच वाचायचे यांना सगळं.”

“इस्पितळाचा कागद आहे?”

त्या कपाटातला डबा घेऊन आल्या. कागदाच्या घड्या झिजल्या होत्या, पण तारखा स्वच्छ होत्या.

“शुक्रवारी हा घेऊन दोघांनीही प्राध्यापिकेच्या खोलीवर यायचं,” थोरल्या बाई म्हणाल्या. “अकरा वाजता.”

“आणि नाही आलो तर?” चित्रकारांनी विचारले.

“तर तुम्ही चोर ठराल. मी सांगणार नाही, दुसरा कोणी सांगेल.”

गुरुवारी दुपारी त्यांनी स्वतःच्या टेबलाचा सर्वांत खालचा खण उघडला. प्रत्येक अंकाची सगळी प्रुफे सुतळीने बांधून ठेवलेली होती. सातवा गठ्ठा त्यांनी पुन्हा सोडवला आणि त्यातला एक कागद हातात धरून त्या बराच वेळ बसून राहिल्या.

धाकटी दारात येऊन उभी राहिली. “ताई, ते कशाला उकरतेस?”

“शनिवारी पुस्तक छापायला जाणार.”

“जाऊ दे ना. माझं नाव वाचायला कोण बसलंय? ज्यांनी वाचलं होतं, ते मरून गेले.”

“मी आहे.”

“तू आहेस म्हणूनच म्हणते. तुला झोप लागत नाही, मला लागते.”

“मला तुझी झोप पाहवत नाही,” थोरली म्हणाली. “उद्या माझ्याबरोबर यायचं आहे. बरं लुगडं नेस.”

धाकटी गेल्यावर त्यांनी कागद पुन्हा वाचला. तो बाहेर काढला की चोर सापडणार होता. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट बाहेर येणार होती, जी त्यांनी यजमानांनाही सांगितली नव्हती. पस्तीस वर्षे गणित शिकवलेल्या बाईंना ती चौघांत बोलून दाखवावी लागणार होती. त्यांनी कागद पिशवीत घातला.

शुक्रवारी अकराला प्राध्यापिकेच्या खोलीत सहा खुर्च्या मांडल्या गेल्या. उपसंपादक शेवटी आले, चित्रकाराला पाहून क्षणभर दारात थबकले आणि मग मोठ्याने म्हणाले, “वा, जुनी मंडळी जमवलीत की.”

“बसा, भाऊजी. मुली, तू लिहून घे,” थोरल्या बाई प्राध्यापिकेला म्हणाल्या. “मी सावकाश सांगेन. पुन्हा सांगणार नाही.”

त्यांनी टेबलावर पाच कागद ओळीने मांडले.

“हे धाकटीचं हस्तलिखित. हे पहिलं प्रूफ, हे दुसरं, हा छापील अंक आणि ही त्या पुस्तिकेची छायाप्रत, ग्रंथपालांच्या शिक्क्यासह. पहिल्या प्रुफावर मी एकंदर अकरा दुरुस्त्या केल्या. कुठे वाक्य तोडलं, कुठे परिच्छेद पाडला, कुठे विशेषण काढलं. लाल शाईत आहेत, मोजून घे.”

“अकरा आहेत, बाई.”

“आता पुस्तिका पाहा. माझ्या दुरुस्त्या तिच्यात किती आहेत?”

प्राध्यापिकेचे बोट कागदावरून फिरत गेले. एकदा, आणि पुन्हा एकदा. “सगळ्या. अकराच्या अकरा.”

“म्हणजे आठ वर्षं आधीच्या लेखकाने माझ्या दुरुस्त्या आधीच करून ठेवल्या होत्या. मी इतकी दूरगामी असेन असं मला वाटलं नव्हतं.”

चित्रकाराच्या पत्नी तोंडाला पदर लावून हसल्या. धाकटी हसली नाही. ती हस्तलिखिताकडे पाहत होती. एकेचाळीस वर्षांत तिने आपल्या अक्षरातली ती कथा पाहिली नव्हती.

“तर पुस्तिका बनावट,” उपसंपादक म्हणाले. त्यांचा आवाज स्थिर होता. “धाकट्या ताईंवर अन्याय झाला. मला आनंद आहे. पण मग कोणीही छापील अंकावरून ती बनवली असेल. अंक बाजारात आल्यावर लेख यायला वीस दिवस होते.”

“तुम्ही असं म्हणाल, असं मला वाटलंच होतं. छापील अंकात माझ्या अकरापैकी दहाच दुरुस्त्या आहेत.”

प्राध्यापिकेने छापील अंक जवळ ओढला.

“अकरावी ही. धाकटीने लिहिलं होतं, ‘आठ तास वीस मिनिटांनी उत्तर आले.’ मी पाहिलं, ठाणं चार तास दहा मिनिटांवर. मला वाटलं, पोरीने उगाच दुप्पट केली. मी ‘आठ तास वीस’ खोडलं आणि ‘चार तास दहा’ केलं.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “प्रश्नाला तिथून घरी पोचायला चार तास दहा, आणि उत्तराला परत यायला तितकेच. तिचं बरोबर होतं. मी एकाच फेरीचा वेळ धरला. पाचवीतल्या मुलाने केली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं, अशी चूक मी केली.”

धाकटीने मान वर केली. “तू? चुकलीस?”

“चुकले. दुसरं प्रूफ हातात आलं तेव्हा ध्यानात आलं. माझ्या प्रतीवर मी मुकाट्याने ‘आठ तास वीस’ परत लिहिलं, थेट छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याच्या हातात दिलं आणि त्याला सांगितलं, याची वाच्यता नको. तो बिचारा ते पोटात घेऊनच गेला. अंक बरोबर छापला गेला. मुली, आता सांग, ‘चार तास दहा मिनिटांनी उत्तर आले’ हे वाक्य या जगात कुठे कुठे होतं?”

प्राध्यापिका हळूहळू म्हणाली, “हस्तलिखितात नाही. छापील अंकात नाही. पहिल्या प्रुफात तुमच्या लाल शाईत. जुळवलेलं फक्त दुसऱ्या प्रुफात.”

“आणि?”

“या पुस्तिकेत.”

“दुसऱ्या प्रुफाच्या दोन प्रती निघाल्या. एक ही, माझी. एकेचाळीस वर्षं माझ्या खणात. दुसरी चित्रकारांची.”

सगळ्यांच्या नजरा चित्रकाराकडे वळल्या. सर्वांत आधी वळली ती उपसंपादकांची.

“मला हे बोलायचं नव्हतं,” ते म्हणाले. “पण प्रूफ मी याच्या हातात दिलं होतं. चित्र त्याने दिलं नाही. का दिलं नाही, ते आज कळतंय.”

“कोणत्या तारखेला दिलंत?”

“वहिनी, सांगितलंय मी तुम्हाला.”

“यांच्यापुढे सांगा.”

“पाच तारखेला. संध्याकाळी.”

“कुठे?”

“त्याच्या घरी. खिडकीत बसला होता.”

“चहा घेत. बायको आत होती.”

“हो.”

थोरल्या बाईंनी चित्रकाराच्या पत्नीला खूण केली. त्यांनी झिजलेला कागद उलगडून सरळ उपसंपादकांच्या मांडीवर ठेवला. “तीन तारीख ते बारा. परगावचं इस्पितळ. यांच्या दोन्ही डोळ्यांना पट्ट्या, माझ्या हातात वाटी-चमचा, आणि घराला कुलूप. तुम्हाला चहा कोणी विचारला, भाऊजी? भुताने?”

उपसंपादकांनी कागद वाचला. वाचून झाल्यावरही ते वाचतच राहिले.

“दाराला कुलूप पाहून तुम्ही परत फिरला असतात, तर परवा मला तसंच सांगितलं असतंत,” थोरल्या बाई म्हणाल्या. “तुम्ही त्या दारापर्यंत गेलाच नाहीत. म्हणून कुलूप तुम्हाला माहीत नव्हतं. प्रूफ तुमच्या पिशवीत राहिलं आणि तिथून दुसऱ्या छापखान्यात गेलं. जुना कागद मिळवलात, मेलेल्या माणसाचं नाव घातलंत, टीकाकारांना टपालाने धाडलंत. टीकाकारांनी ते खरं मानलं, कारण त्यांना ते खरं हवंच होतं. तुम्ही एकच आळस केलात. अंक निघाल्यावर पुस्तिका त्याच्याशी ताडून पाहिली नाहीत. आकडे वाचायची तुम्हाला सवयच नव्हती. म्हणून तर तुमच्या कथा परत यायच्या.”

शेवटचे वाक्य बरोबर बसले. उपसंपादकांचा चेहरा पांढरा होता, तो लाल झाला.

“चार कथा,” ते म्हणाले. “चार कथा परत केल्यात. प्रत्येकीवर दोन शब्द, ‘विज्ञान कच्चे’. लाल शाईत. मी तुमच्यासाठी सायकल हाकत होतो, आणि घरातल्या मुलीची पहिलीच कथा मानाच्या पानावर. ते अक्षर संपादकांचं नव्हतं, वहिनी. मला माहीत होतं कोणाचं होतं ते.”

“माझं होतं.”

“तुमचं होतं. तुमच्या बहिणीशी माझं वैर नव्हतं.”

“तरी हात तिचा तोडलात.”

“तुमच्यापर्यंत माझा हात पोचत नव्हता.”

धाकटी खुर्चीत पुढे सरकली. ती शांतपणे म्हणाली, “त्या चार कथा मी वाचल्या होत्या, भाऊजी. तिसरी चांगली होती. मी ताईला तसं सांगितलंही होतं.”

उपसंपादकांनी तिच्याकडे पाहिले आणि मग त्यांना कोणाकडेच पाहवेना.

थोरल्या बाईंनी कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. “तुमची प्रस्तावना निघाली. तिच्या जागी हे जाईल. तुम्ही काय केलंत, कशासाठी केलंत, कोणत्या छापखान्यात केलंत, सगळं स्वतःच्या अक्षरात. खाली सही. एकोणीस वर्षांचं मासिक कशाच्या पायावर उभं राहिलं, तेही.”

“आणि मी नाही लिहिलं तर?”

“तर मी लिहीन. माझ्या लिखाणात क्षमेची भाषा नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे.”

त्यांना लिहायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात कोणी उठले नाही, कोणी पाणी मागितले नाही. कागद हातात आल्यावर थोरल्या बाईंनी लाल पेन उघडले आणि ओळीमागून ओळ तपासली. ‘दुर्दैवाने’ खोडले. ‘तारुण्यातील अविचार’ खोडले. ‘घडले’ होते तिथे ‘मी केले’ लिहिले, चार ठिकाणी. मग त्यांच्याकडून प्रत्येक दुरुस्तीपुढे सही करून घेतली आणि दाराकडे बोट दाखवले. ते गेले. चित्रकार आणि त्यांच्या पत्नी इस्पितळाचा कागद घडी करून निघाले, तेव्हा जिन्यावर त्या दोघांचे भांडण जुंपल्याचे ऐकू आले. आवाजावरून ते सुखाचे होते.

प्राध्यापिकेने पान बासष्ट पुढे ठेवले. “बाई, हे वाक्य मी काढून टाकते. माझी चूक झाली.”

“काढ. नवीन लिही, की आरोप खोटा होता, बनावट होता आणि कोणी केला.” थोरल्या बाईंनी बहिणीकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर अजून काहीतरी उरले होते. “का ग? तुझं नाव धुऊन निघालं.”

“निघालं.”

“मग?”

“काही नाही, ताई.”

“बोल.”

धाकटी टेबलावरच्या हस्तलिखिताची कडा बोटाने सरळ करीत राहिली. “लोकांनी मला चोर म्हटलं, त्याचं मला तेव्हाही फारसं काही वाटलं नाही. तू स्वयंपाकघरात येऊन विचारलंस, खरं सांग, कुठे वाचली होतीस. मी नाही म्हटलं. मग तू माझ्याशी बोलेनाशी झालीस.”

प्राध्यापिका खिडकीबाहेर पाहू लागली.

थोरल्या बाईंच्या ओठांवर उत्तर आले होते. ते पुरावा, परिस्थिती, छायाचित्र, यजमानांचे शब्द असे नीट रचलेले होते. त्यांनी ते गिळले. पान बासष्ट ओढून घेतले आणि समासात लाल शाईने, त्यांच्या नेहमीच्या ताठ अक्षरात लिहिले : ‘संपादकांच्या पत्नीने, म्हणजे लेखिकेच्या थोरल्या बहिणीनेही तीन दिवस हा आरोप खरा मानला होता.’

“बाई, हे छापायचं?” प्राध्यापिकेने विचारले.

“त्यांचं छापतेस, तर माझंही छाप.” त्यांनी पान बहिणीपुढे सरकवले आणि त्याच्यावर पेन ठेवले. “वाच. चुकलं असेल तर दुरुस्त कर.”

धाकटीने वाचले. मग पेन उचलले, ‘तीन’ हा शब्द खोडला आणि वर ‘चार’ लिहिले.